मोजणाऱ्याने बोलावं

टोमॅटोच्या फुलातला पराग उघड्यावर नसतो. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांची एक नळी असते आणि पराग त्या नळीच्या आत साठलेला असतो. वाऱ्याने झाड हललं की थोडाफार खाली पडतो, पण फळ चांगलं पोसायचं तर कुणीतरी फूल धरून हादरवावं लागतं. बंबल माशी हे काम उपजतच जाणते. ती फुलाला उलटी लोंबकळते, नळी जबड्यात घट्ट धरते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवते. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला एक चिरका आवाज येतो आणि पराग तिच्या केसाळ पोटावर झडतो. ती गेल्यावर नळीवर तिच्या जबड्याचे तपकिरी व्रण राहतात. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही.

युरोपात काचघरांमध्ये टोमॅटो पिकवणारे शेतकरी हे हादरवण्याचं काम पूर्वी मजुरांकडून करून घेत. हातात थरथरणारी कांडी घेऊन फूल न् फूल हलवायचं, आठवड्यातून दोन-तीनदा. 1985 साली रोलान्ड दे योंघे या बेल्जियन पशुवैद्यांनी, ज्यांना बंबल माश्या पाळण्याचा छंद होता, काचघरात या माश्यांचं घरटं ठेवून पाहिलं. फळ चांगलं धरलं, मजुरी वाचली. पुढच्या काही वर्षांत बंबल माश्यांची घरटी खोक्यांत वाढवून विकण्याचा मोठा उद्योग उभा राहिला.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही ती खोकी हवी होती. पण माश्या वाढवण्याचं तंत्र युरोपात होतं. म्हणून 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दोन जातींच्या राण्या, एक पश्चिमेकडची आणि एक पूर्वेकडची, युरोपात धाडल्या गेल्या. तिथे त्यांची घरटी वाढली आणि ती परत अमेरिकेत आली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडच्या जातीच्या पाळीव माश्यांमध्ये ‘नोसेमा बॉम्बी’ या आतड्यात वाढणाऱ्या परजीवीने इतका धुमाकूळ घातला, की त्या जातीचं व्यापारी उत्पादन बंद करावं लागलं. आणि साधारण त्याच सुमारास, काचघरांपासून दूर, डोंगरातल्या कुरणांवरून काही रानटी जाती दिसेनाशा होऊ लागल्या.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हा प्रश्न जाहीरपणे विचारणाऱ्या माणसाचं नाव रॉबिन थॉर्प. या लेखात मला प्रामुख्याने त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेबाहेर येऊन लोकांपुढे, सरकारपुढे बोलावं का, बोललं तर कसं, या प्रश्नाचं त्यांच्या कामातून मिळणारं उत्तर मला आजवर वाचलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा पटलेलं आहे.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याचा दक्षिण भाग आणि कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग जिथे एकमेकांना भिडतात, तिथे क्लॅमथ आणि सिस्कियू या डोंगररांगा आहेत. उन्हाळ्यात तिथल्या कुरणांवर ल्युपिन, कॅलिफोर्निया पॉपी, पुदिन्याच्या कुळातली डोंगरी झुडपं फुलतात. या भागात, सुमारे 300 किलोमीटर लांब आणि 110 किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात, बंबल माशीची एक जात राहत होती. पुण्याहून सावंतवाडीला जाण्याइतकीही ही लांबी नाही. जगात या पट्ट्याबाहेर ती कुठेच नव्हती. हेन्री फ्रँकलिन या अभ्यासकाच्या सन्मानार्थ 1921 साली तिला ‘बॉम्बस फ्रँकलिनी’ हे नाव मिळालं. काळीभोर माशी, छातीवर पुढच्या बाजूने पिवळा पट्टा. हा पिवळा रंग पंखांच्या मुळांच्याही मागे उतरतो आणि मधल्या काळ्या ठिपक्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो. पोटाच्या टोकाला थोडे पांढरे केस. उडत्या माशीवर एवढं सगळं ओळखायला नजर तयार व्हावी लागते, कारण त्याच कुरणावर तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर जाती असतात.

आपल्या सह्याद्रीत बंबल माश्या नाहीत, त्या हिमालयात आहेत. आपण ज्याला भुंगा म्हणतो तो लाकूड पोखरणारा काळा मोठा जीव वेगळा. बंबल माश्यांचं आयुष्य एका वर्षाच्या चाकोरीतलं. राणी एकटीच जमिनीत दडून हिवाळा काढते. वसंतात बाहेर येते, बहुधा उंदरा-घुशींच्या सोडलेल्या बिळात घरटं करते, पहिली पिल्लं स्वतः वाढवते. मग कामकरी माश्या सूत्रं हाती घेतात, उन्हाळा सरता सरता नर आणि नव्या राण्या जन्मतात आणि थंडी पडली की नव्या राण्या सोडून सगळ्या मरतात. म्हणजे एखादा हंगाम वाईट गेला, राण्या कमी झाल्या, तर पुढच्या वर्षाची सगळी भिस्त त्या मोजक्या राण्यांवर असते.

थॉर्प यांचा जन्म 1933 सालचा, मिशिगनमधला. 1964पासून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कीटकशास्त्र विभागात होते. 1994 साली निवृत्त झाले. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम त्यानंतर सुरू झालं. 1998मध्ये त्यांनी फ्रँकलिनच्या माशीची पद्धतशीर पाहणी हाती घेतली. त्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांना 94 माश्या दिसल्या. दुर्मीळ जातीसाठी हा आकडा वाईट नव्हता. पुढच्या वर्षी 20 दिसल्या. 2000 साली 9. 2001मध्ये एकच. 2002मध्ये पुन्हा 20 दिसल्या आणि थोडी आशा वाटावी असं झालं. 2003मध्ये 3, त्याही एकाच जागी. 2004 आणि 2005 कोरी गेली. 9 ऑगस्ट 2006 रोजी माउंट अ‍ॅशलंड या डोंगरावर त्यांना एक कामकरी माशी दिसली. ती शेवटची. त्यानंतर ही माशी पाहिल्याची खात्रीची नोंद नाही.

त्यानंतरही थॉर्प उन्हाळ्यामागून उन्हाळे त्या डोंगरात जात राहिले. हे जाणं म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तीच कुरणं, तोच हंगाम, फुलांवरच्या माश्या एकेक करून पाहायच्या, शंका आली तर जाळीत धरून पारदर्शक कुपीत घ्यायच्या, निरखायच्या, सोडून द्यायच्या. शोधलेली माशी सापडली नाही तर इतर कोणत्या जाती दिसल्या, किती, कोणत्या फुलांवर, हे लिहायचं. अशा नोंदी असतील तरच ‘शून्य’ या आकड्याला अर्थ येतो. कुणी गेलंच नाही म्हणून माशी दिसली नाही, हे एक. जाणत्या माणसाने योग्य वेळी, योग्य ठिकाणी, वर्षानुवर्षं शोधूनही ती दिसली नाही, हे अगदी वेगळं. पहिल्या शून्यावर कुठलंही सरकार, कुठलंही न्यायालय काही करू शकत नाही. दुसरं शून्य हा पुरावा असतो. थॉर्प यांनी उतारवयात, निवृत्तीनंतर, हा पुरावा उभा केला आणि मग तो कपाटात न ठेवता तो घेऊन ते लोकांसमोर गेले.

त्यांचं म्हणणं असं होतं: युरोपात एकत्र वाढवल्यामुळे तिथल्या बंबल माश्यांमधला नोसेमाचा एखादा जहाल प्रकार अमेरिकी माश्यांना लागला असावा, परत आलेल्या खोक्यांबरोबर तो इकडे आला असावा, आणि काचघरांतून बाहेर पडणाऱ्या माश्यांकडून फुलांवाटे रानटी माश्यांपर्यंत पोचला असावा. या तर्काला बळ देणारी एक गोष्ट होती. झपाट्याने घटलेल्या जाती एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या होत्या. फ्रँकलिनची माशी, पश्चिमेकडची माशी, पूर्वेकडच्या पट्ट्यातली पाठीवर गंजट डाग असलेली माशी, या सगळ्या बंबल माश्यांच्या एकाच उपगटातल्या. शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या उपगटांतल्या माश्या मात्र बऱ्यापैकी टिकून होत्या. केवळ कुरणं नष्ट झाली असती तर फटका सगळ्यांनाच बसला असता.

या वाक्यांमधला ‘असावा’ महत्त्वाचा आहे. थॉर्प यांनी हा तर्क म्हणूनच मांडला. पण सिद्ध होईपर्यंत गप्प बसायचं, हा पर्याय त्यांनी घेतला नाही, कारण सिद्ध होईपर्यंत माशी थांबणार नव्हती. जानेवारी 2010मध्ये ते आणि कीटकांच्या रक्षणासाठी काम करणारी झर्सीस सोसायटी यांनी इतर संस्थांसह अमेरिकेच्या कृषी खात्याकडे अर्ज केला: व्यापारी बंबल माश्या त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेर पाठवायला बंदी घाला आणि पाठवण्याआधी रोगाची तपासणी सक्तीची करा. डझनावारी शास्त्रज्ञांनी त्याला पाठिंबा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये थॉर्प आणि झर्सीस सोसायटीने दुसरा अर्ज केला, केंद्राच्या वन्यजीव खात्याकडे. फ्रँकलिनच्या माशीला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण द्या, अशी ती मागणी होती. झर्सीस हे नावही एका गेलेल्या जिवाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवरचं झर्सीस नावाचं निळं फुलपाखरू 1940च्या दशकात, शहर वाढता वाढता, नाहीसं झालं. रॉबर्ट मायकेल पाइल यांनी 1971 साली ही संस्था काढताना त्याचं नाव घेतलं.

2011मध्ये सिडनी कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण अमेरिकेतल्या आठ बंबल जातींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. चार जाती घटल्या होत्या, काहींचं तुलनात्मक प्रमाण 96 टक्क्यांपर्यंत, आणि त्यांचे प्रदेश 23 ते 87 टक्क्यांनी आक्रसले होते. घटणाऱ्या जातींमध्ये नोसेमाचं प्रमाणही जास्त आढळलं. थॉर्प यांच्या तर्काशी हे जुळत होतं. 2016 साली याच संशोधकांच्या गटाने संग्रहालयांतले जुने नमुने तपासले. नोसेमाचं प्रमाण 1990च्या दशकाच्या मध्यापासून वाढलं हे दिसलं, म्हणजे काळ जुळला. पण हा परजीवी अमेरिकेत त्याआधीही होता आणि बाहेरून नवा प्रकार आल्याचा जनुकीय पुरावा मात्र मिळाला नाही.

म्हणजे तर्काचा एक भाग टिकला, एक भाग टिकला नाही. विरोधकांना इथे बोट ठेवायला जागा मिळते हे खरं. पण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आश्वासक वाटतो तो हाच भाग. जाहीर बोलल्यामुळे तर्क तपासला गेला. तो मांडलाच गेला नसता तर संग्रहालयातल्या टाचणीला लावलेल्या जुन्या माश्यांची आतडी तपासायचं कुणाच्या मनात आलं असतं? आणि रोगतपासणी न करता सजीवांची खोकी देशोदेशी पाठवू नयेत, ही मागणी तर परजीवी बाहेरून आलेला असो वा इथलाच बळावलेला असो, दोन्ही बाबतींत योग्यच होती.

आता कायद्याचा वेग पाहा. अशा अर्जावर साधारण वर्षभरात निर्णय व्हावा, अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. फ्रँकलिनच्या माशीला संरक्षण देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट 2019मध्ये निघाला. थॉर्प त्याच वर्षी 7 जूनला वयाच्या पंच्याऐंशिव्या वर्षी वारले होते. अंतिम निर्णय ऑगस्ट 2021मध्ये झाला. अर्जापासून अकरा वर्षं, शेवटच्या माशीपासून पंधरा.

खात्याने तिला नामशेष घोषित केलं नाही, संकटग्रस्त म्हटलं, आणि हे योग्यच झालं. तिच्यासाठी राखीव अधिवास मात्र आखला नाही. फुलांची कुरणं तिथे अजून मुबलक आहेत, अधिवास नाहीसा होणं हा मुख्य धोका नाही, असं खात्याचं म्हणणं पडलं. कारणांच्या यादीत रोग, कीटकनाशकं आणि आधीच कमी झालेली संख्या ही तिन्ही आहेत. तिसऱ्या कारणाची यंत्रणा समजून घेतली तर उशीर किती महाग पडतो हे कळतं. माश्यांमध्ये नर अफलित अंड्यातून जन्मतो, मादी फलित अंड्यातून. फलित अंड्यातून मादी होण्यासाठी आईकडून आणि बापाकडून आलेलं लिंग ठरवणारं जनुक वेगवेगळं असावं लागतं. संख्या घटली की जवळच्या नात्यात मीलन होतं, दोघांकडून सारखंच जनुक येण्याची शक्यता वाढते, आणि मग अशा जोडीच्या निम्म्या फलित अंड्यांतून कामकरी माशीऐवजी बहुधा वांझ असा नर निघतो. घरट्याला अन्न आणणारे हात कमी होतात, राण्या कमी होतात, संख्या आणखी घटते. एका मर्यादेखाली गेलेली जात बाहेरचा रोग थांबला तरी स्वतःच्याच रचनेपायी खाली घसरत जाते. म्हणून 94चा आकडा 20 झाला त्याच वर्षी ओरडायला हवं होतं असं वाटतं. पण 1999 साली ऐकणारं कोण होतं?

कॅलिफोर्निया राज्यात तर लढाई एका वेगळ्याच शब्दावर झाली. 2018मध्ये झर्सीस सोसायटी आणि आणखी दोन संस्थांनी फ्रँकलिनच्या माशीसह चार बंबल जातींना राज्याच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. बदाम उत्पादकांसह शेती क्षेत्रातल्या संघटना न्यायालयात गेल्या. कायद्यात पक्षी, सस्तन प्राणी, मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी आणि वनस्पती आहेत, कीटक कुठे आहेत, हा त्यांचा मुद्दा. 2020मध्ये खालच्या न्यायालयाने तो मान्य केला. 31 मे 2022 रोजी वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. राज्याच्या वन्यजीव संहितेत ‘मासा’ या संज्ञेच्या व्याख्येत अपृष्ठवंशी प्राणी धरलेले आहेत आणि याच आधारावर जमिनीवर राहणाऱ्या एका गोगलगायीला पूर्वी संरक्षण मिळालेलं आहे, असं न्यायालयाने दाखवून दिलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी माशी मासा झाल्याची बातमी गमतीने छापली. मला त्यात गमतीपेक्षा एक गंभीर गोष्ट दिसते. कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कीटक कधी नव्हतेच. आणि बदामवाल्यांचा विरोध आपल्यापासून फार दूर नाही. कॅलिफोर्नियाचे बदाम ज्या देशांत सर्वाधिक जातात त्यांत भारत अग्रभागी आहे. दिवाळीच्या डब्यातला बदाम जिथे फुलला, तिथे दर फेब्रुवारीत मधमाश्यांच्या वीस लाखांच्या आसपास पेट्या ट्रकांवर लादून आणल्या जातात.

शास्त्रज्ञ असा उघड बोलायला लागला की त्याच्या निःपक्षपातीपणावर संशय घेतला जातो. ‘तुम्ही संशोधक आहात की कार्यकर्ते?’ हा प्रश्न ब्रिटनमध्ये डेव्ह गोल्सन यांना वारंवार ऐकावा लागला. त्यांनी 2006मध्ये बंबल माश्यांच्या रक्षणासाठी संस्था काढली, सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहिली. 2012मध्ये त्यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की शेतात मिळेल तेवढ्याच अल्प प्रमाणात इमिडाक्लोप्रिड खाल्लेल्या बंबल माश्यांच्या घरट्यांत नव्या राण्या 85 टक्क्यांनी कमी जन्मल्या. हेच इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे कापसाच्या बियाण्याला चोळून येतं. 2013मध्ये युरोपीय संघाने अशा तीन कीटकनाशकांवर अंशतः निर्बंध घातले, 2018मध्ये उघड्या शेतातला वापर पूर्णच बंद केला. त्यानंतर लवकरच गोल्सन यांच्यासह दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जगभर असेच निर्बंध हवेत असं पत्र ‘सायन्स’मध्ये छापलं.

बोलण्याची किंमतही असते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले कीटकशास्त्रज्ञ जोनाथन लुंडग्रेन यांनी 2015 साली तक्रार केली, की या कीटकनाशकांवरचं आपलं काम आणि बोलणं दाबलं जात आहे. त्याआधी त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली होती. खात्याने आरोप मान्य केला नाही. लुंडग्रेन यांनी नोकरी सोडली आणि साउथ डकोटात स्वतःचं संशोधन-शेत सुरू केलं. सगळ्यांना हे जमत नाही, आणि जमत नाही म्हणून गप्प राहणाऱ्या तरुण संशोधकाला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण लोकांचा विश्वास उडतो म्हणून बोलू नये, हे कारण तितकंसं टिकत नाही. 2017मध्ये जॉन कॉचर आणि सहकाऱ्यांनी बाराशेच्या वर अमेरिकन नागरिकांना एका काल्पनिक हवामानशास्त्रज्ञाची वेगवेगळी वक्तव्यं वाचायला दिली. काही निव्वळ माहितीची, काही ठाम मागणी करणारी. मागणी केल्याने त्याच्या शब्दाची पत फारशी घसरली नाही. फक्त अणुऊर्जा प्रकल्प उभारा असा एकच विशिष्ट उपाय त्याने पुढे रेटला, तेव्हा घसरली.

बोलणं म्हणजे दर वेळी सरकार किंवा कंपनीविरुद्धच बोलणं असंही नाही. आपल्या बाजूच्या माणसांनाही थांबवावं लागतं. ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ हे आइनस्टाइन यांच्या नावावरचं वाक्य दर काही दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. त्यांनी ते म्हटल्याचा कसलाही पुरावा नाही. गहू, भात, ज्वारी, बाजरीला माशीची गरजच नाही. जगातल्या प्रमुख पीकप्रकारांपैकी तीन चतुर्थांश पिकांना परागवाहक प्राण्यांचा कमी-अधिक उपयोग होतो, पण उत्पादनाच्या मोजमापात ती पिकं सुमारे एक तृतीयांश. अनेक फळं, भाज्या, तेलबिया, काही डाळी यांचं उत्पादन घटेल, आणि ते पुरेसं भयंकर आहे. त्याला खोट्या भाकिताची जोड दिली की उद्या खरं बोलणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी समजूत आणखी खोल रुजलेली आहे. मधमाश्या वाचवायच्या म्हणजे पेट्या वाढवायच्या. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा मलाही आनंद झाला. मधपाळांच्या घरात चार पैसे आले पाहिजेत, पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी, सातेरी, टिकली पाहिजे. पण पाळीव पेटी आणि रानटी माशी यांचं हित नेहमी एकच नसतं, हे थॉर्प यांच्या खोक्यांच्या गोष्टीतून दिसतंच, आणि आपल्याकडेही ते घडलेलं आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या. अळ्या घरातच पिशवी झाल्यासारख्या फुगून मरत. पेट्यांतलं नुकसान दिसलं, त्याची मोजदाद झाली. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या रानटी सातेरीच्या किती वसाहती गेल्या, हे तेव्हा मोजणारा कुणी थॉर्प आपल्याकडे नव्हता.

आणि मधाशी काहीच देणंघेणं नसलेल्या माश्या तर आपल्या गणतीतच नाहीत. गुलाबाच्या पानाची कड गोल कापलेली दिसली की आपण कीड लागली म्हणतो. ते काम पानकापी माशीचं. कापलेला तुकडा ती पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात नेते, पुंगळी वळते, आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते. हीच माशी आणि तिच्या जोडीला काळा भुंगा तुरीच्या पिवळ्या फुलावर बसून खालची मिटलेली पाकळी दाबून उघडतात. महाराष्ट्राच्या तूरडाळीला या एकट्या राहणाऱ्या माश्यांचा हातभार लागतो. त्यांना ना पोळं, ना राणी, ना मध, म्हणून त्यांना ना अनुदान, ना गाव.

शहरात सर्वांत वाईट हाल होतात ते आग्या मोहोळाचे. आमच्या जवळच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली हातभर लांबीचं पोळं लागलं होतं. खालून पाहिलं तर माश्यांचा एक जाड पडदाच दिसायचा, आणि एखादी गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून एकामागून एक लाटा धावायच्या. हजारो माश्या क्रमाने पोट वर उचलतात, त्याची ती लाट. रहिवाशांनी बैठक घेतली, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा खच होता. काही अजून गोल गोल फिरत होत्या. सफाई कामगाराने त्या खराट्याने गोळा करून कचऱ्याच्या डब्यात भरल्या. कुणी वाईट माणसं नव्हती ती. लहान मुलं होती, भीती होती, आणि आग्याचा डंख खरोखर जीवघेणा ठरू शकतो. पण आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात, थोड्या महिन्यांत पोळं आपोआप रिकामं होतं, तोवर तिथला दिवा बंद ठेवला, धूर-दगड टाळला तर बहुधा काही होत नाही, हे त्या बैठकीत सांगणारं कुणी नव्हतं. त्याच शहरात प्राणिशास्त्राचे विभाग असलेली महाविद्यालयं आहेत.

आग्या माशीवर आपल्या देशात उत्तम काम झालेलंही आहे. बेंगळुरूतल्या संशोधकांनी गीता तिम्मेगौडा आणि शॅनन ऑल्सन यांच्या पुढाकाराने 2020मध्ये दाखवलं, की जास्त प्रदूषित भागांतून पकडलेल्या आग्या माश्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक चोवीस तासांत मेल्या. फुलांवरच्या त्यांच्या भेटीही कमी होत्या. हा अभ्यास इंग्रजीत आहे. तो कन्नडमध्ये, मराठीत, तेलुगूमध्ये नगरसेवकापर्यंत कोण नेणार?

मराठीत असं करून दाखवलेलं एक मोठं उदाहरण आपल्यासमोर आहे, माधव गाडगीळ यांचं. पश्चिम घाटावरचा अहवाल त्यांच्या समितीने 2011मध्ये दिला. तो सरकारने दाबून ठेवला आणि माहिती अधिकार व न्यायालयाच्या मार्गाने 2012मध्ये तो लोकांपुढे आला. गाडगीळ यांचा आग्रह होता, की तो लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे जावा आणि निर्णय तिथे व्हावा. ते स्वतः वर्षानुवर्षं मराठीत लिहीत राहिले, गावोगाव जाऊन बोलले, विरोध ऐकून घेतला. लोक जैवविविधता नोंदवहीच्या कल्पनेमागेही त्यांचं मोठं काम आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि अशी नोंदवही आवश्यक केली.

म्हणजे वही आहे. तिच्यात माश्यांची पानं भरायची आहेत. गावातल्या जाणत्या माणसांना आग्या, सातेरी, फुलोरी, कोती वेगवेगळ्या ओळखता येतात. आग्याची पोळी बरेचदा वर्षानुवर्षं त्याच झाडावर, त्याच कड्यावर येतात, ती झाडं आणि ते कडे त्यांना ठाऊक असतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी दर वर्षी त्याच महिन्यात त्या जागी जावं, पोळी मोजावीत. तुरीच्या फुलोऱ्यात ठरलेल्या शेतात ठरलेली मिनिटं उभं राहून पानकाप्या आणि भुंगे मोजावेत. काही दिसलं नाही तर तेही तारखेसह लिहावं. विद्यार्थ्यांना हे सहज शिकवता येतं, जाळी आणि काचेची कुपी एवढंच साहित्य लागतं. आणि मग 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून ती पानं मराठीत वाचून दाखवावीत: अमुक उंबरावर गेल्या वर्षी एवढी पोळी होती, यंदा एवढी, आणि रस्ता रुंद करताना तो उंबर तोडायच्या यादीत आहे.